अँटिऑक्सिडंटचा डबा आणि अप्पांचा पंप

पत्र: मॅडम, नमस्कार. आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले, नाव छापू नका. अप्पा ६४ वर्षांचे, जन्मभर तंबाखूच्या वखारीत हमाली केली आणि बिडी तर मिसरूड फुटायच्या आधीपासनं. कोल्हापूरच्या डॉक्टरनी सीओपीडी म्हणून सांगितलंय, म्हणजे श्वासनळ्या आवळून धाप लागायचा कायमचा आजार, सकाळ-संध्याकाळ तोंडानं ओढायचा पंप (इनहेलर) आहे. आता आमच्या पाहुण्यातल्या एकानी अँटिऑक्सिडंटची पावडर आणून दिलीय, साडेतीन हजाराचा डबा, महिनाभर पुरतो, त्यात ग्रीन टीचा अर्क, द्राक्षाच्या बिया, बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन ई असं काय काय लिहिलंय. ते म्हणालेत पंपाची सवय लागती, ह्यानं फुप्फुस आतनं धुऊन निघतंय. अप्पांना ते पटलंय, पंप आता एकच वेळ घेतात, कारण पैसे पण तेवढेच हाईत. मी मोबाईलवर शोधलं तर खरंच लिहिलंय की सीओपीडीत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असतो आणि अँटिऑक्सिडंट कमी पडतात. मग डबा खरा का पंप खरा? भाऊ म्हणतोय पाण्यात विरघळायची एनएसीची गोळी भारी, ती चालू करू काय? बिडी कमी केलीय, दिवसाला चार-पाच. आई पण चुलीपुढं खोकत असती, पण तिचं काय विशेष नाही, वयाचं आहे.

ताई, सगळ्यात आधी एकच काम करा, बाकीचं वाचायच्या आधी करा. अप्पांचा संध्याकाळचा पंप आजपासनं परत सुरू करा. डॉक्टरनी दोन वेळा लिहिलाय तर दोन वेळा. डब्याचं काय करायचं ते सावकाश ठरवता येईल, पंप अर्धा करून जे दिवस चाललेत त्यात एखाद्या रात्री अचानक धाप वाढली तर गाडी शोधून निपाणी नाहीतर कोल्हापूर गाठेपर्यंत काय होतं ते मी औषधाच्या काउंटरवर बसून इतक्या घरांच्या तोंडून ऐकलंय की मला हे वाक्य मऊ करून लिहवत नाही.

आणि सवयीचं म्हणाल तर पंपाची सवय बिवय लागत नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, ते थेट श्वासनळीत जातं म्हणून एवढंसं पुरतं. रोज लागतं ते आजार रोज आहे म्हणून. बीपीची गोळी रोज घेणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही, पंपालाच तेवढं नाव ठेवतात, का कुणास ठाऊक.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही मोबाईलवर वाचलंत ते खोटं नाही, आणि म्हणूनच हा डबा विकणाऱ्यांचं फावतं, कारण त्यांचं पहिलं वाक्य बरोबर असतं. ते पहिलं वाक्य नीट समजून घेऊया, मग दुसरं वाक्य कुठं घसरतंय ते आपोआप दिसेल.

बिडी-सिगारेटच्या धुरात फ्री रॅडिकल नावाचे कण असतात, अतिशय अस्थिर, ज्याला भिडतील त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेणार आणि त्याला बिघडवणार. सिगारेटच्या एका झुरक्यात ते किती असतात ह्याचा शास्त्रज्ञांनी काढलेला अंदाज एकावर पंधरा शून्यं एवढा जातो. एका झुरक्यात! बिडीला तर फिल्टरही नाही, आणि ती विझू नये म्हणून माणूस जास्त वेळा आणि जोरात ओढतो. आता फुप्फुस काही निःशस्त्र नसतं, श्वासनळ्यांच्या आतनं एक पातळ ओलसर थर असतो, त्यात ग्लुटाथायोन नावाचं शरीरानंच बनवलेलं अँटिऑक्सिडंट, म्हणजे असल्या कणांना थंड करणारं द्रव्य, भरलेलं असतं, रक्तात असतं त्याच्या शंभरपटीहून जास्त. शिवाय व्हिटॅमिन सी, ई, यूरिक ॲसिड, पेशींच्या आत सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज असली एन्झाइमं. म्हणजे बंदोबस्त चांगला आहे. पण रोज, वर्षानुवर्षं, धूर आणि तंबाखूचा खकाणा आत जात राहिला की हा साठा मागं पडतो आणि बिघाड पुढं जातो. ह्यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

हा बिघाड नेमकं काय करतो ते ऐका, कारण अप्पांच्या छातीत हेच झालंय. आपल्या रक्तात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचं एक प्रथिन असतं, त्याचं काम असं की पांढऱ्या पेशींनी जंतू मारायला सोडलेलं इलास्टेज नावाचं एन्झाइम आपल्याच फुप्फुसाच्या नाजूक भिंती खाऊ नये म्हणून त्याला आवरून धरायचं. धुरातले ऑक्सिडंट, म्हणजे हेच बिघडवणारे कण, ह्या राखणदार प्रथिनालाच निकामी करतात. मग इलास्टेज मोकाट सुटतं, हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती विरत जातात, छोट्या छोट्या पिशव्यांच्या जागी मोठ्या ढिल्या पोकळ्या होतात आणि आत गेलेली हवा बाहेर यायचं नाव घेत नाही. एम्फिसेमा म्हणतात तो हा. ह्या भिंती परत उभ्या राहत नाहीत ताई. म्हणून "धुऊन निघतंय" हा शब्द ऐकला की मला राग येतो. फुप्फुसात मळ बसलेला नाही, तिथली रचनाच मोडलीय, आणि मोडलेली रचना कुठल्या पावडरीनं, काढ्यानं किंवा माझ्या दुकानातल्या महागातल्या महाग औषधानंही धुऊन निघत नाही. औषधं जे करतात ते वेगळं, उरलेल्या नळ्या मोकळ्या ठेवतात आणि आजाराचे झटके कमी करतात, आणि ते खूप आहे.

अजून एक गोष्ट डबावाले सांगत नाहीत. बिडी सोडल्यावरही हा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस एकदम थांबत नाही, कारण सूज आलेल्या श्वासनळीत जमलेल्या पांढऱ्या पेशी स्वतःच ऑक्सिडंट सोडत राहतात. आणि ह्याच ताणानं पेशीतलं एचडीएसी-२ नावाचं एक एन्झाइम मंदावतं, ज्याच्याशिवाय स्टिरॉइडला सूज नीट उतरवता येत नाही, म्हणून दम्याच्या माणसाला स्टिरॉइडचा पंप जसा चटकन लागू पडतो तसा सीओपीडीवाल्याला पडत नाही. अप्पा म्हणत असतील ना, शेजारच्या पोराला पंपानं लगेच बरं वाटतं मग मला का नाही? त्यातला काही भाग हा आहे.

तर मग एवढं सगळं खरं असेल तर बाहेरनं अँटिऑक्सिडंट दिले की झालं की, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटलं होतं. म्हणून त्यांनी हजारो माणसांवर वर्षानुवर्षं करून बघितलं, आणि तिथं गाडं अडलं.

सगळ्यात मोठा धडा फिनलंडचा. तिथं ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना रोज बीटा कॅरोटीन २० मिलिग्रॅम, नाहीतर व्हिटॅमिन ई ५० मिलिग्रॅम, नाहीतर दोन्ही, नाहीतर नुसतीच बिनऔषधाची गोळी दिली, पाच ते आठ वर्षं. १९९४ साली निकाल आला आणि सगळे हबकले, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त. मग अमेरिकेत १८,३१४ माणसांवर दुसरी चाचणी चालू होती, सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले लोक, त्यांना बीटा कॅरोटीन ३० मिलिग्रॅम आणि व्हिटॅमिन ए दिलेलं, तिथंही कॅन्सर २८ टक्के जास्त आणि मृत्यू १७ टक्के जास्त, म्हणून ती १९९६ मध्ये ठरल्या वेळेच्या २१ महिने आधीच बंद करावी लागली. का झालं असं? असं समजतात की धुरानं भरलेल्या फुप्फुसात हे कॅरोटीन स्वतःच ऑक्सिडाइज होतं आणि राखणदाराचा चोर बनतो. कारण काहीही असो, निकाल दोनदा तोच आला. आणि फिनलंडच्या त्या माणसांच्या खोकला-कफ-धापेवर ह्या दोन्ही गोळ्यांचा काही फायदाही दिसला नाही.

तुमच्या डब्यावर बीटा कॅरोटीन लिहिलंय. अप्पा अजून चार-पाच बिड्या ओढतात. ताई, तो डबा बंद करा. एवढ्या एका कारणासाठी बंद करा, साडेतीन हजार गेले तर गेले. पाहुणे नाराज होतील, होऊ देत, त्यांना सांगा मेडिकलवाल्या बाईनी सांगितलंय, माझ्यावर ढकला.

आता तुम्ही घाबरून गाजर बंद कराल म्हणून लगेच सांगते, गाजर, पालेभाजी, पपई, लाल भोपळा हे सगळं बिनधास्त खाऊ द्या. जेवणातलं कॅरोटीन वेगळ्या मानानं जातं, इतर शेकडो घटकांच्या सोबत जातं, त्यानं असं काही झालेलं नाही. धोका गोळीतल्या मोठ्या डोसाचा, रोज, वर्षानुवर्षं, आणि तोही धूर ओढणाऱ्याला.

डब्यातलं बाकीचं पण सांगून टाकते. ग्रीन टीचा अर्क (चहा नाही, अर्क) मोठ्या डोसात लिव्हरला त्रास देऊ शकतो. व्हिटॅमिन ई मोठ्या डोसात रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर गेलं तर रक्तस्रावाचा धोका, अप्पांना हार्टची काही गोळी चालू आहे का ते तुम्ही लिहिलं नाही, ते आधी बघा. आणि डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा, कुठंतरी 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ सापडेल, कारण असल्या पावडरी कायद्यानं अन्न म्हणून विकल्या जातात आणि तशी ओळ छापावीच लागते. जे छापलंय ते कंपनी खरं बोलते, आणि घरी येऊन चहा पितापिता जे सांगितलं जातं ते कुठंच छापलेलं नसतं.

एनएसीचं. भावाचं म्हणणं डब्यापेक्षा बरंच शहाणपणाचं आहे, ह्यात थोडा दम आहे. एनएसी म्हणजे एन-असिटाइलसिस्टीन, १९६० च्या दशकापासनं कफ पातळ करायला वापरतात, पॅरासिटामॉलचं विष उतरवायलाही हेच देतात. कफातल्या चिकट प्रथिनांचे गंधकाचे दुवे ते तोडतं, आणि शरीराला सिस्टीन पुरवतं, ज्यातनं ग्लुटाथायोन बनतं. ग्लुटाथायोनच गिळलं तर ते पोटातच फुटून जातं, म्हणून हा वळसा. पण तोंडातनं घेतलेल्या एनएसीतलं रक्तापर्यंत जेमतेम दहा टक्केच पोचतं, हे पण लक्षात ठेवा.

चाचण्या काय म्हणतात? युरोपात ५२३ पेशंटना ३ वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम दिलं, २००५ मध्ये निकाल, फुप्फुसाची ताकद उतरत जायचा वेग तोच राहिला, आजार बळावायचे झटकेही कमी झाले नाहीत, फक्त जे स्टिरॉइडचा पंप घेत नव्हते त्यांच्यात झटके थोडे कमी दिसले. मग चीनमध्ये डोस दुप्पट केला, ६०० दिवसातनं दोनदा, हजारावर पेशंट, एक वर्ष, २०१४ मध्ये निकाल, झटके २२ टक्क्यांनी कमी, म्हणजे माणशी वर्षाला दीडच्या आसपास होते ते सव्वाच्या आत आले. चांगलं वाटलं सगळ्यांना. पण परत चीनमध्येच सौम्य ते मध्यम सीओपीडी असलेल्या ९६८ जणांना तोच डोस २ वर्षं दिला, २०२४ मध्ये छापून आलं, तिथं ना झटके कमी झाले ना फुप्फुसाची ताकद मोजायच्या फुंकायच्या टेस्टमध्ये फरक पडला. म्हणजे एनएसी हे काही जणांना झटके थोडे कमी करणारं, कफ सुटायला मदत करणारं औषध आहे, एवढंच. पंपाची जागा ते घेत नाही, आणि फुप्फुस परत आणत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला डॉक्टरनाच विचारा, "अप्पांची छाती वर्षातनं इतक्या वेळा भरते, एनएसीचा उपयोग होईल काय?" वर्षातनं किती वेळा अँटिबायोटिक घ्यावं लागलं ते लिहून न्या, त्यावरच ते ठरवतात. आणि स्वतःहून चालू करू नका, कारण त्या बुडबुड्यांच्या गोळीत सोडियम बरंच असतं, बीपी किंवा हार्ट फेल्युअर असलेल्याला ते मोजावं लागतं, आणि छातीत दुखल्यावर घ्यायची नायट्रेटची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून बीपी खाली जाऊन डोकं जोरात दुखतं.

आता बिडी. तुम्ही पत्रात ती शेवटी शेवटी एका ओळीत लिहिलीय, मला वाटतं सगळं पत्र त्या ओळीवर उभं आहे. चार-पाच बिड्या चालू ठेवून अँटिऑक्सिडंट पाजणं म्हणजे चुलीत एकीकडनं पाणी शिंपडायचं आणि दुसरीकडनं फुंकणीनं फुंकत राहायचं. अप्पांनी पन्नास वर्षांची सवय चार-पाचवर आणली ही लहान गोष्ट नाही, हे त्यांना तोंडावर सांगा, खरंच सांगा, आपल्याकडं बापमाणसाचं कौतुक करायची कुणाला सवय नसते. पण चार-पाचवर थांबणं हे सोडणं नव्हे. सीओपीडीत फुप्फुसाची ताकद ज्या वेगानं उतरते तो वेग मंदावतो असं पक्कं सिद्ध झालेलं सगळ्यात मोठं काम बिडी सोडणं हेच आहे, आणि ते ६४ व्या वर्षी सोडली तरी लागू पडतं. मनाच्या जोरावर जमत नसेल तर निकोटिनचं च्युइंगगम, पट्टी, गोळ्या आहेत, डॉक्टरना विचारा, आणि सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६, तिथं फोन करून अप्पांना स्वतःला बोलू द्या, तुम्ही बोलू नका.

निपाणीच्या माणसाला बिडी सोड म्हणणं किती अवघड आहे हे मला कळतं. तंबाखूवर सगळा मुलूख जगलेला आहे, शेतकरी, वखारवाले, हमाल, घराघरात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका. तिथं तंबाखूला वाईट म्हणायचं तर आपल्याच भाकरीला वाईट म्हटल्यासारखं होतं. तरीपण सांगते. तुमच्या घरात अजून कुणी वखारीत किंवा चाळणीवर काम करत असेल तर त्या खकाण्यापासून नाक-तोंड बांधून राहू दे, साध्या ओढणीपेक्षा नीट बसणारा मास्क बरा. आणि अप्पांना उसाचं पाचट पेटलेलं असेल तिकडं, गुऱ्हाळाच्या चुलवणापाशी बसून गप्पा मारायची सवय असेल तर तेवढी जागा बदला.

खाण्यापिण्याकडं येते, कारण अँटिऑक्सिडंटचं जे खरं, बिनधोक घर आहे ते हेच. स्वीडनमध्ये ४४,३३५ पुरुषांवर सरासरी १३ वर्षं लक्ष ठेवलं, जे दिवसाला पाच किंवा जास्त वाट्या-फोडी भाजी-फळं खायचे त्यांना दोनपेक्षा कमी खाणाऱ्यांच्या मानानं सीओपीडी व्हायचं प्रमाण ३५ टक्के कमी, आणि हा फरक ओढणाऱ्या आणि सोडलेल्या माणसांतच दिसला. ग्रीसमध्ये १२० पेशंटवर ३ वर्षं करून बघितलं, फळं-भाज्या वाढवलेल्या गटाची फुंकायची टेस्ट थोडी सुधारली. पण तेच १२ आठवडे करून बघितलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात काही फरक दिसला नाही. आणि जास्त भाजी खाणारा माणूस बाकीच्या गोष्टीतही स्वतःला जपणारा असतो, त्यामुळं स्वीडनचा आकडा सगळाच्या सगळा भाजीच्या नावावर टाकू नका. माझं मत असं की ह्यात तोटा काहीच नाही आणि फायदा असायची शक्यता बरी आहे, मग का नको?

कोबी-फ्लॉवर-ब्रोकोलीतल्या सल्फोराफेनचंही मोठं नाव झालं होतं, शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा ते जागी करतं म्हणून. ८९ सीओपीडी पेशंटना ४ आठवडे त्याच्या कॅप्सूल दिल्या, फुप्फुसात काही हललं नाही. म्हणून उद्या कुणी ब्रोकोलीचा डबा घेऊन आलं तर त्यालाही हेच उत्तर. कोबीची भाजी मात्र खा, आपल्या कडोली-काकतीकडचा कोबी काय वाईट आहे?

महागातलं काही आणू नका. पेरू आणा, त्यात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त व्हिटॅमिन सी असतं. आवळ्याच्या दिवसांत आवळा, मेमध्ये खानापूर-जांबोटीकडनं बायका बुट्टीतनं करवंदं-जांभळं घेऊन येतात तेव्हा ती. शेवग्याचा पाला, मेथी, अंबाडी, पोकळा, लिंबू वरनं पिळून, कारण सी शिजवलं की उडतं. शेंगाची, कारळ्याची, जवसाची चटणी तर आपल्या भाकरीबरोबर असतेच, व्हिटॅमिन ई त्यातनं जातं. ह्याला कुणी डब्यात भरून साडेतीन हजाराला विकत नाही म्हणून त्याची किंमत वाटत नाही.

पण अप्पांच्या बाबतीत मला भाजीपेक्षाही दुसरी काळजी आहे, ते वाळत चाललेत काय? तुम्ही लिहिलं नाही. सीओपीडीत श्वास घ्यायलाच इतकी ताकद जाते आणि जेवताना धाप लागते म्हणून माणूस दोन घास खाऊन उठतो, मग मांड्या-दंड उतरतात, आणि स्नायू उतरले की धाप अजून वाढते. त्यांना एकदम ताट भरून वाढू नका, पोट तट्ट झालं की ते खालनं छाती-पोटामधल्या पडद्याला दाबतं आणि श्वास कोंडतो. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. अंडं, मासा, मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, दही-ताक, शेंगदाण्याचा लाडू. जेवायच्या आधी जरा बसून विश्रांती. महिन्यातनं एकदा वजन बघा आणि लिहून ठेवा, गिरणीच्या काट्यावर बघितलं तरी चालतंय.

पंपाचं एक राहिलं, आणि हे मी प्रत्येकाला सांगते. अप्पा पंप कसा घेतात ते तुमच्या डोळ्यांनी एकदा बघा. कॅप्सूल घालून ओढायचा असेल तर कॅप्सूल गिळत तर नाहीत ना, हसू नका, गिळणारे खूप असतात. आधी पूर्ण श्वास सोडायचा, मग तोंडात धरून जोरात आणि खोल ओढायचा, मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा, कॅप्सूलमध्ये पावडर उरलीय का बघायची, उरली असेल तर परत ओढायचा. दाबायचा पंप असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, आणि तिथं जोरात ओढायचं नाही, सावकाश ओढायचं. स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरं येतं. "पंपाचा काही उपयोग नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं औषध टाळूवर बसत असतं, छातीत पोचतच नसतं. कुठल्याही मेडिकलमध्ये रिकामा पंप दाखवून शिकवा म्हणून सांगा, शिकवतात. पैशाची ओढ असेल तर डॉक्टरना स्पष्ट सांगा, स्वस्तातली कंपनी लिहून मिळते, जनऔषधी दुकानातही चौकशी करा. डब्याचे साडेतीन हजार वाचले की पंपाचा महिना त्यातनं निघून वर पेरू-अंडी येतील.

ह्याशिवाय फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस, ह्या दोन्हीबद्दल डॉक्टरना विचारा, झटके आणणाऱ्या जंतूंना अडवायचं ते साधन आहे. रोज सपाट रस्त्यावर चालणं, धाप लागली की थांबून, ओठ शिट्टी मारल्यासारखे करून हळूहळू श्वास सोडत, परत चालणं. कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला, धाप रोजच्यापेक्षा वाढली तर दोन दिवस वाट बघू नका. ओठ-नखं निळी, एक वाक्य पुरं बोलता येईना, नाहीतर गुंगीत बडबड, असं झालं तर तडक हॉस्पिटल. आणि घरी कुणाचं ऑक्सिजनचं मशीन मिळालं तर अंदाजानं लावू नका, सीओपीडीवाल्यांच्या रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या बेतातच ठेवतात, जास्त दिला तर गुंगी येते.

आईचं. "तिचं काय विशेष नाही" हे वाक्य वाचून मी थांबले. जन्मभर चुलीपुढं बसलेल्या, एक बिडीही न ओढलेल्या बाईला सीओपीडी होतो, आपल्या देशात असे लाखो पेशंट आहेत, कारण लाकडाच्या, शेणीच्या, तुराट्यांच्या धुरातही तेच ऑक्सिडंट असतात, फुप्फुसाला बिडी कुठली आणि चूल कुठली कळत नाही. २०१६ साली भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी पेशंट होते असा अंदाज आहे, त्यात तुमच्या आईसारख्या कितीतरी जणी कुठल्या कागदावर आलेल्याच नाहीत, कारण त्यांच्या खोकल्याला घरानं वयाचं नाव दिलेलं असतं. आई बिड्या वळत असतील किंवा वळल्या असतील तर खकाणाही त्यात धरा.

घरात गॅस असेल तरी भाकऱ्या आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच होत असणार, बहुतेक घरांत असंच असतं. निदान भाकरी गॅसवर घ्या, पाण्याचा बंब बाहेर पडवीत काढा, चुलीच्या वरची कौलं सरकवून धुराला वाट करा, आणि आईंना चुलीपुढं बसायची पाळी तुम्ही किंवा वहिनीनं वाटून घ्या, का भावानंही घ्यावी की.

अप्पांना पुढच्या तारखेला कोल्हापूरला नेणार असालच, तर त्याच गाडीत आईंना बसवा. फुंकून घ्यायची स्पायरोमेट्री म्हणतात त्या टेस्टला सुई नाही, अंगाला काही लागत नाही, पंपाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा फुंकायचं, अर्ध्या-पाऊण तासात होतं. त्या नको म्हणतील, मला काय झालंय म्हणतील. त्यांना सांगा अप्पांच्या सोबतीला चला, आणि तिथं गेल्यावर नाव काढा.